भीतीचा दर

ग्राइंडर थांबला की आधी कान घाबरतात,
मग माणूस.
वीज गेली की ऑर्डर गेली,
हे नुसत्या थांबण्यावरून ओळखायला
मला शिरोलीत अकरा वर्षं लागली.

पगाराच्या चिठ्ठीत फंडाचा रकाना आहे,
ईएसआयचा आहे, कॅन्टीनचा आहे.
भीतीचा नाही.
तरी ती दरमहा कापली जाते.

वाढ मागायला गेलो, तर सुपरवायझर बोलला नाही काही,
खिडकी उघडली फक्त.
गेटबाहेर नऊजण उभे होते, जेवणाचे डबे घेऊन.
एकाचा डबा अगदी माझ्यासारखा,
त्याच बाजूला पोचा.
मी म्हटलं, "ऊन लई हाय आज, सायेब,"
आणि परत फेटलिंगला लागलो.

मग कोअर शॉपातल्या दस्तगीर मुजावरनं
दुसराच डबा काढला, तुपाचा, कुलूप लावलेला.
भिशी नव्हे. भिशीत पाळीची वाट बघतात,
इथं पाळी येऊ नये म्हणून पैसे टाकायचे.
चाळीसजण, महिना तीनशे.
ज्याचं कार्ड गेटवर वाजणार नाही
त्याला सात हजार, चार महिने.
"आणि मुद्दाम काम सोडलं तर कुणी?"
बाळगोंडा मगदूमनं विचारलं.
दस्तगीर म्हणाला,
"पाचाला उठायची सवय मुद्दाम सुटत न्हाई, भावा."

तिसऱ्या वर्षी माझं कार्ड वाजलं नाही.
आठवड्यात गोकुळ शिरगावातनं बोलावणं,
तीन हजार कमी.
एरवी मान खाली घालून 'हो' म्हटलं असतं.
पण कांचननं नोटा मोजल्या,
सिलिंडर, फी, आईची बीपीची गोळी,
आणि म्हणाली, "थांबूया की दोन महिनं."

थांबता येतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
भर दुपारी रंकाळ्यावर बसलो, शेंगा खात,
ओळखीचं कुणी दिसलं की टरफलं लपवत.
सातव्या आठवड्यात उद्यमनगरात लागलो,
दोन हजार जास्तीवर.
ते दोन हजार माझ्या हातातल्या कसबाचे नव्हते,
कसब तेच होतं.
ते डब्याचे होते.
मी तीनशे टाकत राहिलो.

आणि मग ट्रॅक्टरच बसला.
ओतलेली हाऊसिंगं यार्डात गंजत पडली,
एका पंधरवड्यात एकतीस कार्डं मुकी.
डब्यात शहाऐंशी हजार.
भागाकार दस्तगीरनं तीनदा केला,
तिन्ही वेळा पावणेतीन हजारच आले.
त्यानं ते वाटले, प्रत्येकाची माफी मागत,
जणू ट्रॅक्टर त्यानंच विकायचे थांबवले होते.
"एका फांदीवर सगळीच चढलो आपण,"
बाळगोंडा म्हणाला. पुढचं बोलला नाही.

परवा आम्ही तिघं हुपरीला गेलो.
अक्काताई गाटांच्या पडवीत सात बाया
पैंजणाच्या कड्या जोडत होत्या,
मान वर न करता.
दस्तगीरनं डब्याचं सांगितलं, सगळं, बुडाल्याचंसुद्धा.
"लोखंड बसतं तवा चांदी चालती," तो म्हणाला,
"म्हणून म्हटलं, दोन्ही डबे एक केले तर."

चिमट्यात धरलेली कडी तिनं आधी बसवली.
"आणि चांदी चढली की आमचं काम बसतंय,
तवा तुम्ही देशीला का?
का तवा तुमच्या पोरांच्या फिया असतील?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.
बाळगोंडानं खिशात हात घातला, उगीच.
बाकीच्या बायांचे चिमटे थांबले होते,
आणि त्या थांबण्याचा अर्थ
मला लावता येईना.

"च्या घ्या," अक्काताई म्हणाली. "वही आणलीया न्हवं?
मग उघडा की."